फॉर्मवरचं ते एक ‘नाही’

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एसवायला होते. जानेवारीत मावशीच्या गावची जत्रा होती. पाळणा झाला, भेळ झाली, बांगड्या झाल्या आणि मग मी आणि माझी मावसबहीण गोंदणवाल्यापाशी जाऊन थांबलो. बॅटरीवर चालणारं मशीन, डिझाइन छापलेला पुठ्ठा आणि ५० रुपयांत मनगटावर चंद्रकोर. आमच्या आधी चार-पाच जणांचं गोंदून झालं होतं. सुई तीच, शाईचं झाकणही तेच. तेव्हा हे दिसलं नव्हतं असं नाही, दिसलं होतं. पण जत्रेत कोण विचार करतं! आईला कळू नये म्हणून पुढचा महिनाभर मी त्या मनगटावर घड्याळ बांधून फिरत होते, एवढाच काय तो विचार.

बरोबर महिन्याभराने शिवजयंतीला कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. मी एनएसएसमध्ये. आमच्या युनिटचं टार्गेट होतं १०० पिशव्या. मंडपाच्या दारात फळा लावला होता आणि त्यावर दर अर्ध्या तासाने आकडा बदलत होता. बारा वाजता ६२, दीड वाजता ७९. सर येऊन विचारून जायचे, ‘अजून कोण राहिलंय?’ आम्ही सात-आठ जणी एका टेबलाभोवती गोळा झालो. एकीने फॉर्म वाचायचा आणि बाकीच्यांनी टिक करायचं. वाचता वाचता ती म्हणाली, ‘अगं सगळ्याला नाहीच करा, नाहीतर बाद करतात.’ आम्ही हसलो आणि सगळ्याला ‘नाही’ केलं. त्यात एक प्रश्न होता, गेल्या १२ महिन्यांत टॅटू काढला आहे का, कान-नाक टोचून घेतलं आहे का. मी घड्याळ थोडं वर सरकवलं आणि ‘नाही’वर टिक केली.

वजन झालं, बीपी झालं, बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघितलं. साडेबारा लागतं, माझं बारा पूर्णांक आठ निघालं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. साडेतीनशे मिली रक्त दिलं. बिस्किट, ज्यूस, सर्टिफिकेट, दंडावर पट्टी चिकटवलेला फोटो आणि स्टोरी. खोटं सांगत नाही, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

आज हे लिहितेय कारण या उन्हाळ्यात मला तो फॉर्म पुन्हा आठवला आणि नंतर झोप लागली नाही.

मे महिन्यात रक्ताचा तुटवडा असतो. कॉलेजं बंद, मुलं गावाला, शिबिरं कमी. त्यावर बातमी करायला मला एका थॅलेसेमिया डे केअर सेंटरमध्ये पाठवलं होतं. इंटर्नला मिळतात तशीच ही असाइनमेंट, चार बाइट आणि एक फोटो. एका मोठ्या खोलीत आठ-नऊ बेड. प्रत्येक बेडवर एक मूल, हाताला सुई, वर टांगलेली लाल पिशवी. कुणी मोबाइलवर कार्टून बघतंय, कुणी गृहपाठ करतंय. आजाऱ्यांची खोली वाटतच नव्हती, शिकवणीचा वर्ग वाटत होता.

थॅलेसेमिया मेजर म्हणजे शरीर स्वतःचं नीट हिमोग्लोबिन बनवूच शकत नाही. आईवडील दोघेही ‘मायनर’ असले, म्हणजे स्वतः ठणठणीत पण वाहक असले, की प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा बाळाला जगायचं तर दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागतं. बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट सगळ्यांना जमत नाही, परवडत नाही. त्यामुळे बहुतेकांसाठी हे आयुष्यभराचं आहे.

तिथे नऊ वर्षांच्या एका मुलाची आई भेटली. इंदापूरकडची. पहाटेच्या एसटीने मुलाला घेऊन आली होती. मी वहीत हिशेब करत होते. मूल आठ महिन्यांचं असल्यापासून रक्त सुरू, दर तीन आठवड्यांनी एक पिशवी धरली तरी वर्षाला सतरा. म्हणजे आठ वर्षांत १३०-१४० पिशव्या. माझा आकडा ऐकून ती म्हणाली, ‘तेवढी माणसं हायेत बघा ह्याच्या अंगात. एकाचंबी नाव म्हाईत नाही.’ मग तिने सहज विचारलं, ‘तुम्ही देता का रक्त?’

मी ‘हो’ म्हणाले. आणि ‘हो’ म्हणताना माझा हात आपोआप मनगटावर गेला. टॅटू तिथेच आहे, चंद्रकोर थोडी फिकट झालीय.

यावर पहिलं उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओठांवर तयार असतं. ‘पण रक्त तपासतात ना!’ तपासतात. आपल्याकडे प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. एचआयव्हीची तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली, हेपॅटायटिस सीची २००१ पासून. मग माझ्या टिकने काय फरक पडतो?

फरक पडतो तो ‘विंडो पीरियड’मुळे. विषाणू शरीरात शिरला की लगेच तपासणीत दिसत नाही. नेहमीची एलायझा चाचणी आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. एचआयव्हीसाठी साधारण तीन आठवडे, हेपॅटायटिस सीसाठी दोन महिने किंवा त्याहून जास्त. या काळात माणूस ठणठणीत दिसतो, रिपोर्ट निगेटिव्ह येतो, पण रक्त दुसऱ्याला आजार देऊ शकतं. नवीन पिढीच्या चाचण्या अँटीबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधतात, त्याने हे दिवस कमी होतात. नॅट नावाची चाचणी थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते, तिने ही खिडकी आणखी बारीक होते. एचआयव्हीसाठी साधारण दहा-अकरा दिवसांवर येते. पण पूर्ण बंद होत नाही. शिवाय नॅट महाग आहे, देशभर सक्तीची नाही आणि प्रत्येक रक्तपेढीत होतेच असं नाही.

म्हणजे मशीनला जे दिसत नाही ते सांगू शकणारी एकच व्यक्ती त्या मंडपात असते. रक्त देणारा स्वतः. टॅटू, टोचलेले कान, नुकतीच झालेली कावीळ, मलेरिया, कुत्रा चावल्यावर घेतलेली इंजेक्शनं, चालू असलेली अँटिबायोटिक, असुरक्षित शरीरसंबंध, नशेची सुई. फॉर्मवरचे हे प्रश्न म्हणजे पहिली तपासणी आहे. आपण त्याला कागदोपत्री भानगड समजतो.

पुढच्या साखळीत प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कुणावर तरी नजर ठेवून असतं. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंश तापमानात ठेवायची, प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशात आणि पाचच दिवस. त्याची नोंद असते. पेशंटचा नमुना घेऊन क्रॉसमॅच करायचं, त्याचीही नोंद. बेडपाशी पिशवीवरचा नंबर आणि पेशंटचं नाव दोघांनी मिळून वाचायचं, कारण चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर ते काही मिलीतसुद्धा जिवावर बेतू शकतं. म्हणून तर पहिली १५ मिनिटं नर्सने पेशंटपाशी थांबायचं असतं. थंडी वाजतेय, पाठ दुखतेय, श्वास लागतोय असं काही झालं तर रक्त तिथेच थांबवायचं. उद्या तुमच्या घरच्या कुणाला रक्त चढत असेल तर या गोष्टी तुम्हीही बघा, विचारा. नर्स रागावली तर रागावू दे. पण या सगळ्या साखळीत पहिली कडी आपण आहोत, आणि तीच एक अशी आहे जिच्यावर दुसरी नजर नाही. माझ्या ‘नाही’ची फेरतपासणी करायला कुणाकडे काहीच साधन नव्हतं.

हे चुकलं की काय होतं, याच्या बातम्या आपण वाचतो आणि विसरतो. २०११ मध्ये गुजरातमधल्या जुनागढमध्ये थॅलेसेमियाची २३ मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. मे २०२२ मध्ये आपल्याच नागपूरमधून चार मुलांची बातमी आली, त्यातलं एक मूल वारलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडच्या चाईबासामधून पाच मुलांची आली. माहिती अधिकारात २०१६ मध्ये एक आकडा बाहेर आला होता, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात देशात २,२३४ जणांनी आपल्याला रक्त चढवल्यामुळे एचआयव्ही झाल्याचं सांगितलं होतं. हे लोकांनी तपासणी केंद्रावर स्वतः सांगितलेलं आहे, प्रत्येक केस सिद्ध झालेली नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्यातले निम्मे चुकीचे धरले तरी उरलेला आकडा लहान नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर गैरसमज होईल. या प्रकरणांचं खापर रक्तदात्यांवर फोडायचं नाहीये. किट चांगली होती का, तपासणी नीट झाली का, रजिस्टर भरलं होतं का, ही जबाबदारी रक्तपेढीची, हॉस्पिटलची आणि सरकारची आहे. नॅट सगळीकडे व्हायला हवी आणि तिचा खर्च पेशंटच्या खिशातून जाता कामा नये, ही मागणी आपण केलीच पाहिजे. पण सरकारने काय करावं यावर ८०० शब्द लिहिणं मला सोपं आहे. मी काय केलं, हे लिहिणं अवघड आहे. म्हणून ते आधी.

मी खोटं का बोलले? मी काही वाईट मुलगी नव्हते. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, उलट चांगलंच करायचं होतं. याच प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एक जुना निकाल सापडला. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला आणि त्यानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. तोपर्यंत मोठ्या शहरांत असे ‘प्रोफेशनल डोनर’ असायचे. आज इथे, पुढच्या आठवड्यात तिकडे. पैसे घेऊन दिलेलं रक्त धोक्याचं का? गरीब माणसाचं रक्त वाईट असतं म्हणून नाही. त्याला खरं बोलणं परवडत नाही म्हणून. ‘मला मागच्या महिन्यात कावीळ झाली होती’ असं सांगितलं की त्याचे त्या दिवसाचे पैसे बुडायचे. स्वेच्छेने रक्त देणारा सुरक्षित मानला जातो, कारण त्याला खोटं बोलायचं काही कारणच नसतं.

आणि आपण कॉलेजच्या शिबिरात नेमकं काय करतो? खोटं बोलायला कारण पुरवतो. रक्त दिलं तर एनएसएसचे तास मिळणार. काही ठिकाणी अटेंडन्स मिळते. कुठे टिफिन मिळतो, कुठे बॅग, राजकीय शिबिरात तर हेल्मेटसुद्धा. आणि यातलं काहीच नसलं तरी तो फळा असतो, त्यावरचा आकडा असतो, ‘घाबरली काय?’ म्हणणारे मित्र असतात. पैशांची बंदी झाली, पण किंमत वेगळ्या चलनात चालूच आहे.

याहून मोठं कारण म्हणजे आपल्याकडे शिबिरात खासगी असं काही नसतं. प्रश्न विचारणारा डॉक्टर किंवा काउन्सेलर मंडपाच्या मधोमध बसलेला, मागे रांग, रांगेत वर्गातली मुलं. अशा ठिकाणी ‘तुमचे एकापेक्षा जास्त पार्टनर आहेत का?’ या प्रश्नाला कोण खरं उत्तर देईल? मुलगी तर नाहीच. आणि समजा एखाद्याने दिलंच, आणि तो रक्त न देता बाहेर आला, तर त्याच दिवशी कँटीनमध्ये चर्चा सुरू. ‘याला का बाद केलं रे?’ माझ्या ओळखीच्या एका मुलाला त्याचं वजन ४५ किलोपेक्षा कमी भरलं म्हणून परत पाठवलं होतं. त्याला पुढचे दोन आठवडे लोक चिडवत होते, आणि ते वजनावरून नव्हतं.

काही मुलं तर तपासणी फुकट होईल म्हणून रक्त देतात. मनात कसली तरी भीती असते, डॉक्टरकडे जायची लाज वाटते, मग रक्तदान करून टाकायचं, काही असेल तर ते कळवतीलच. यापेक्षा धोकादायक शॉर्टकट नाही. शंका असलेला माणूस नेमका विंडो पीरियडमध्येच असण्याची शक्यता जास्त. अशांसाठी सरकारी हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी केंद्रं आहेत. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते, गोपनीय राहते, आधी-नंतर समुपदेशनही मिळतं. १०९७ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर आधी नुसतं बोलताही येतं. हा नंबर आपल्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर तुम्ही कधी बघितलाय? मी नाही बघितला.

फॉर्मबद्दलही एक बोलायला हवं. खरं उत्तर मागणारा प्रश्नही नीट असला पाहिजे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ट्रान्सजेंडर व्यक्ती आणि समलिंगी संबंध असलेले पुरुष यांना सरसकट रक्तदानातून वगळलं आहे. याविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका झाली आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये हा नियम बदलला आणि ‘तुम्ही कोण आहात’ऐवजी ‘तुम्ही गेल्या काही महिन्यांत काय केलं’ हे प्रत्येकाला सारखंच विचारायला सुरुवात केली. मला हे जास्त पटतं. धोका वागण्यात असतो, ओळखीत नाही. एखाद्याला फक्त तो आहे तसा असल्याबद्दल कायमचं बाद करणार असाल, तर त्याने कॉलेजच्या मंडपात मित्रांसमोर खरं सांगावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

मी हे सगळं आमच्या ग्रुपवर बोलले तेव्हा एकाने लगेच सुनावलं, ‘असं लिहिलंस तर जे देतात तेही बंद होतील. आधीच रक्त कमी आहे.’ हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. रक्त कमी आहे हे मी स्वतः मे महिन्यात बघितलंय. म्हणून दोन गोष्टी ठळकपणे सांगते. एक, रक्त देण्याने तुम्हाला कसलाही संसर्ग होत नाही. सुई नवी असते, पिशवी नवी असते, एकदा वापरून फेकून देतात. दोन, बाद होणं म्हणजे बहुतेक वेळा ‘आत्ता नको’ एवढंच असतं. टॅटूला १२ महिने, मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने, हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढेपर्यंत. १८ व्या वर्षी ‘एक वर्षाने ये’ ऐकून गेलेला माणूस पुढे ६५ व्या वर्षापर्यंत देऊ शकतो. पुरुष दर तीन महिन्यांनी, बायका दर चार महिन्यांनी. एका खोट्या पिशवीपेक्षा हा हिशेब किती मोठा आहे! आणि एक पिशवी एकालाच जात नाही. तिच्यातून लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा वेगळे होतात. चांगली पिशवी तिघांच्या कामाला येते. वाईट पिशवीही तिघांकडे जाऊ शकते.

मग कॉलेजांनी करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. फळा काढून टाका. आकडा संध्याकाळी एकदाच सांगा, किंवा सांगूच नका. फॉर्म आदल्या दिवशी मराठीत वाचायला द्या, म्हणजे ज्याला यायचं नाही तो गाजावाजा न करता घरीच राहील. फॉर्म घोळक्याने भरू देऊ नका, एकेकाला वेगळं बसवा. काउन्सेलरच्या टेबलाला पडदा लावा, नाहीतर सरळ एक वर्ग उघडून द्या. एनएसएसचे तास, अटेंडन्स, सर्टिफिकेट जे काही द्यायचं ते शिबिराला आलेल्या प्रत्येकाला द्या, रक्त घेतलं असो वा नसो. मंडपातून बाहेर पडणाऱ्याकडे बघून कुणालाच कळता कामा नये की त्याने दिलं की नाही. आणि रक्तपेढीचा नंबर प्रत्येकाच्या हातात द्या. घरी गेल्यावर ताप आला, किंवा मंडपात जे सांगायची हिंमत झाली नाही ते रात्री सांगावंसं वाटलं, तर फोन करून ‘माझी पिशवी वापरू नका’ म्हणता येतं. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं. माहीत असतं तर केला असता का फोन? प्रामाणिकपणे सांगायचं तर नक्की नाही सांगता येत. पण निदान तो रस्ता तरी असता.

आणि शक्य असेल तर एकाच दिवशी १०० पिशव्यांचा विक्रम करण्यापेक्षा २५-२५ ची चार शिबिरं घ्या, त्यातलं एक मेमध्ये, एक दिवाळीच्या सुट्टीत. लाल पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात. इंदापूरच्या त्या मुलाला फेब्रुवारीतलं रक्त मेमध्ये कामाचं नाही.

बातमी छापून आल्यावर मी एक दिवस त्या रक्तपेढीत गेले, जिने तेव्हा आमच्या कॉलेजात शिबिर घेतलं होतं. सर्टिफिकेटवर नंबर होता. तिथल्या डॉक्टर मॅडमना सगळं सांगितलं. गोंदण, घड्याळ, टिक. त्यांनी रजिस्टर काढायला लावलं, नंबर शोधला आणि म्हणाल्या, ‘तुझं सगळं निगेटिव्ह होतं.’ मग त्यांच्या सांगण्यावरून मी माझी तपासणी पुन्हा करून घेतली. तीही निगेटिव्ह. म्हणजे माझ्या पिशवीने कुणाला काही झालेलं नाही.

मला रडू आलं, ते सुटल्याचं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी पाणी दिलं आणि एवढंच म्हणाल्या, ‘अगं, तेव्हा सांगितलं असतंस तर आम्ही फक्त एक वर्ष थांब म्हटलं असतं. ज्यूस तरीही दिला असता.’

माझं नशीब चांगलं होतं. पण मी ज्याच्यावर जुगार खेळले ते नशीब माझं नव्हतं. ते माझी पिशवी ज्याला गेली, त्याचं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि ते कोण होतं, हे मला कधीच कळणार नाही.

त्याच दिवशी मी पुन्हा रक्त दिलं. नवा फॉर्म, तेच प्रश्न. या वेळी एकटीने बसून, प्रत्येक ओळ वाचून भरला. टॅटूपाशी आले तेव्हा मनगट पुढे केलं आणि सांगितलं, तीन वर्षांपूर्वी, जत्रेत. त्यांनी लिहून घेतलं. सगळं मिळून दहा मिनिटं जास्त लागली असतील.

पुढचा शिबिरांचा मोसम येतोय. गणपती-नवरात्रातल्या मंडळांची शिबिरं आहेत, १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन आहे, मग पुन्हा शिवजयंती. तुम्ही जाल, जाच. फक्त फॉर्म हातात आला की मैत्रिणींचा घोळका सोडून दोन पावलं बाजूला जा. आणि एखाद्या प्रश्नाला खरं उत्तर ‘हो’ असेल, तर ‘हो’वरच टिक करा. रक्त न देता परत यावं लागेल. कुणी विचारलं ‘काय झालं’, तर सांगा, ‘पुढच्या वर्षी देणार आहे.’

त्या दिवशी कुणाच्या तरी अंगात तुमचं रक्त नसेल. तरी त्याची काळजी तुम्हीच घेतलेली असेल.